मावरिंगखाचा जावई

बाह कोर्डोर, म्हणजे कोर्डोरदादा, आमच्या मावरिंगखात जावई म्हणून आला तेव्हा मी शाळेत जात होते. थेइबोन तिच्या घरची धाकटी मुलगी. म्हणजे घर, चूल आणि सुपारीची बाग तिच्याकडे राहणार आणि नवरा तिच्या घरी नांदायला येणार. तसा तो दरीपलीकडच्या लाइतशिरहून आला. त्याचं कूळ खोंगविर, तिचं बुहफांग. मुलं झाली ती अर्थात बुहफांग झाली. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. बापानं मुलांचे लाड करायचे. वळण लावायचं, रागवायचं आणि घरातले निर्णय घ्यायचे ते मामानं.

थेइबोनच्या घरी तो मामा म्हणजे तिचा थोरला भाऊ शेम्बोर. आणि लाइतशिरला, बहिणीच्या घरी, मामा होता कोर्डोर.

कोर्डोरला बोलण्याचं अंग नव्हतं. त्याचं अंग होतं झाडावर चढण्याचं. पायात दोरीची कडी अडकवून तो सरसर शेंड्याला जायचा आणि झाड झुलवून वरच्या वर दुसऱ्या झाडावर. खालून बायका म्हणायच्या, थेइबोन, जावई आणलास की माकड? तो वरूनच हसायचा. बागेचा मालक तो कधीच होणार नव्हता, पण बागेतलं प्रत्येक झाड त्याच्या हातचं होतं.

रविवारी प्रार्थना झाली की तो दरी उतरून लाइतशिरला जायचा. बहीण सिल्बी हिचा नवरा तिला सोडून गेला होता, पदरात एकच मुलगा, किटबोक. त्याला शाळेत घातलं ते कोर्डोरनं, शिलाँगच्या कॉलेजात पाठवलं तेही त्यानंच. पोरगा हुशार निघाला, वकील झाला.

मग जिल्हा कौन्सिलची निवडणूक आली. आमच्या भागातून शेम्बोर उभा राहिला. पूर्वी एकदा तो थोडक्यात पडला होता. थेइबोनच्या घरावर किटलीचे झेंडे लागले, कारण किटली ही त्याची निशाणी. दोन दिवसांनी कळलं की किटबोकही उभा राहतोय, छत्री घेऊन.

लाइतशिरला खोंगविरांची बैठक बसली. कोर्डोरला बोलावणं आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं: सख्खा मामा पुढे नसला तर लोक म्हणतील, घरच्यांचाच भरवसा नाही, आपण का मत द्यायचं? कोर्डोरनं सांगून पाहिलं की मी कुणाकडूनच फिरत नाही, बागेत बसतो. ते कुणी ऐकून घेतलं नाही.

शेम्बोरनं सुरुवातीला ते हसण्यावारी नेलं. भर बाजारात, मी तोवर टाकलेल्या भात-जेवणाच्या दुकानात, तो कोर्डोरला म्हणाला, "काय दाजी, जेवण आमच्या चुलीवरचं आणि आचवायला लाइतशिरला?" बाकावरचे सगळे हसले. कोर्डोरही हसला, पण त्याच्या ताटातला भात तसाच राहिला.

त्याला जा म्हणाली ती थेइबोनच. तिनंच हे मला पुढे सांगितलं. तो चुलीपाशी बसून राहिला होता.

"तू नको म्हणालीस तर नाही जाणार," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर म्हणत नाही," ती म्हणाली. "उद्या माझ्या पोराच्या वेळी शेम्बोर घरात बसला तर मी त्याला माफ करीन का? जा. संपलं की ये."

तो गेला. भाच्याबरोबर गावोगाव फिरला. आमच्या गावातही त्यांची सभा झाली, फुटबॉलच्या मैदानावर. तिथून थेइबोनचं अंगण दिसतं. कोर्डोरच्या हातात माईक दिला तेव्हा त्यानं आधी त्या अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "शेम्बोर माणूस चांगला आहे. किटबोक माझा भाचा आहे. मला एवढंच बोलता येतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, किटलीवाल्यांनीसुद्धा. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण किटबोकला एक गोष्ट माहीत होती. पूर्वी कोर्डोरची मोठी मुलगी इबाहुन फार आजारी पडली, शिलाँगच्या इस्पितळात होती, तेव्हा शेम्बोरनं कुळातल्या कुणाला न विचारता बुहफांगांच्या डोंगराचा एक तुकडा चुनखडीच्या खाणवाल्याला विकून पैसे उभे केले होते. भाचीसाठी. पोर वाचली. घराबाहेर ही गोष्ट गेली नव्हती. कोर्डोरनं ती एकदाच सांगितली होती, किटबोक कॉलेजात असताना, जेवता जेवता. आणि तीही कौतुकानं, की मामा असावा तर शेम्बोरसारखा, मी तुझ्यासाठी काय केलं?

मतदानाला थोडे दिवस उरले तेव्हा छत्रीच्या जीपवरचा भोंगा ओरडत गेला: ज्यानं आपल्याच कुळाचा डोंगर विकला, तो कौन्सिलात जाऊन तुमचा डोंगर ठेवील का? जमिनींचं सगळं कौन्सिलच्या हातात, त्यामुळे ते लोकांना लगेच पटलं. बुहफांगांच्या घरांतूनही किटल्या उतरल्या.

कोर्डोर त्या दिवशी दुसऱ्या गावात होता. तिथं त्याच्या कानावर आलं. संध्याकाळी त्यानं भाच्याला गाठलं. सिल्बी तिथंच होती, तिच्या तोंडून ऐकलेलं सांगते. किटबोक म्हणाला, "मामा, खोटं काय आहे त्यात?"

"खोटं असतं तर बरं होतं," कोर्डोर म्हणाला. आणि बाहेर जाऊन बसला.

किटबोक निवडून आला. जीपवर हार, फटाके. मामाला वर चढवायला पोरं शोधत होती. तो केव्हाच दरी उतरून घरच्या वाटेला लागला होता. घरात बुहफांगांची वडीलधारी माणसं जमलेली होती. शेम्बोर चुलीपाशी. आठवड्याभरात म्हातारा दिसायला लागला होता. कोर्डोर दारातच म्हणाला की मी सांगितलं होतं, पण असं व्हावं म्हणून नाही.

शेम्बोर ओरडला नाही. म्हणाला, "दाजी, पोरगी तुमची होती हो." मग म्हणाला, "या घरातलं बोलणं ज्याच्या पोटात राहत नाही, त्यानं या घरात राहू नये."

थेइबोन कुणाकडे न बघता भांडी लावत होती. घर सांभाळायचं तिनं, पण घरात कोण राहणार हे ठरवायचं भावानं. तिनं त्याची ट्रंक भरली. वर सुपारी आणि पानं ठेवली, प्रवासाला निघालेल्याला देतात तशी.

लाइतशिरला सिल्बीनं त्याला खोली दिली. किटबोक शिलाँगला राहायला गेला. मामाला बाजाराच्या नाक्यावर कौन्सिलची पावती फाडायचं काम देऊ म्हणाला. कोर्डोर नको म्हणाला. तो लोकांच्या बागांत मजुरीनं झाडांवर चढायला लागला, त्या वयात.

बाजाराच्या दिवशी मात्र दोघं माझ्या दुकानात भेटायची. आधी वेगवेगळ्या बाकांवर बसायची, नंतर एकाच. कुणी काही म्हणालं नाही. ती बागेची खबर द्यायची, तो कुठल्या झाडाची सुपारी कधी उतरवायची ते सांगायचा. थेइबोन म्हणायची की शेम्बोर आता निवळतोय, मुलं त्याच्या मागे लागलीत, पुढच्या सुगीला बोलावील. पण सुगीच्या आधीच शेम्बोर गेला. झोपेतच गेला. कोर्डोर पुरायला आला, कुंपणाबाहेर उभा राहिला. वडीलधाऱ्यांपुढे थेइबोननं विषय काढला. ते म्हणाले, ज्यानं जा म्हटलं, तो आपला शब्द मागे घ्यायला उरला नाही, आता आम्ही कोण? तिनं पुन्हा विचारलं नाही. मला म्हणाली, "विचारून विचारून तोंड कडू झालं गं."

पुढची निवडणूक आली. किटबोक परत उभा होता. या वेळी कोर्डोर त्याच्यासाठी फिरला नाही. मात्र त्याचं नाव आमच्याच गावच्या यादीत राहिलं होतं, कुणी बदललं नव्हतं. मतदानाला त्याला कोण अडवणार? सकाळीच तो दरी चढून आला, धुतलेला कोट घालून, आणि शाळेपुढे पुरुषांच्या रांगेत उभा राहिला. शेजारी बायकांची रांग. थेइबोन पुढे होती. तिनं मागच्या बाईला म्हटलं, तू जा. तिच्या मागच्या बाईलाही म्हटलं. असं करत करत ती त्याच्या शेजारी आली, आणि मी दोघांच्या मागे.

"गुडघा?" तिनं विचारलं.

"थंडीत दुखतो."

"इबाहुनला मुलगी झाली."

"ऐकलं. कुणासारखी आहे?"

"आता काय कळतंय?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "कान तुझे आहेत."

तो खाली बघून हसला. पुरुषांची रांग लवकर सरकली. त्याचं नाव पुकारलं, तो आत गेला. बाहेर आला तेव्हा बोटाला शाई होती. आमच्या रांगेपाशी थांबू लागला तर पोलीस म्हणाला, झालं ना मत, चला बाबा, इथं उभं राहायचं नाही.

"चला," कोर्डोर म्हणाला आणि दरीच्या पायऱ्यांकडे वळला. थेइबोननं मान वळवली नाही. तिनं माझा हात धरला आणि तिचा नंबर येईपर्यंत सोडला नाही.