दोनदा नको, तिसऱ्यांदा हो

सत्यवान सरांना कॉलेजात शिकवायला लागून तेरा वर्षं झाली होती, आणि कॉलेजबाहेरचं जग त्यांनी एसटीच्या खिडकीतून काय ते पाहिलेलं. एम.ए.चा निकाल लागला त्या दिवशी ते प्राचार्यांना पेढे द्यायला गेले, आणि एक जागा रिकामी होती म्हणून तिथेच चिकटले. "माझी मुलाखत पेढ्यान दिल्यान," असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

अशा माणसाच्या गळ्यात १९८४ साली प्राचार्यांनी 'पदवीनंतर पुढे काय?' हा शनिवारचा वर्ग घातला. सर म्हणाले, "अहो, माझ्या पदवीनंतर पुढे काहीच झालेलं नाही."

"म्हणूनच म्हणतो, तुम्ही मोकळे आहात," प्राचार्य म्हणाले.

वर्गात नोकरीच्या खोट्या मुलाखती व्हायच्या, त्यात साहेब व्हायचं काम बाबलीकडे. बाबली शेवटच्या वर्षाचा, नकला करण्यात पटाईत. टेबलामागे बसून तो आधी सरांसारखा तीनदा खाकरायचा, मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून विचारायचा, "हं, बसा. म्हंजे, बसाल नां?" मुलं बाकं बडवायची. सर सगळ्यांत जास्त हसायचे. आपण इतके वाईट खाकरतो हे त्यांना तिथेच कळलं.

पण शिकवायचं काय? पहिल्या शनिवारी नमस्कार झाला, दुसऱ्या शनिवारी दार ढकलायचं की ओढायचं यावर तास गेला. तिसऱ्या शनिवारी सरांकडचा माल संपला. मग आईनं लहानपणी शिकवलं तेच त्यांनी फळ्यावर लिहिलं: दोनदा नको, तिसऱ्यांदा हो.

"साहेबान चहा इचारल्यान तर काय म्हणशात? नको. परत इचारल्यान तर? नको. तिसऱ्यांदा इचारल्यान तर अर्धो कप. लगेच हात पुढे केलात तर घरातल्यांनी तुमका उपाशी ठेवल्यानी असा वाटतला."

पुढच्या बाकावरून जहिरानं हात वर केला. "सर, ह्या फक्त चहाक, काय सगळ्याक?"

सर रंगात आले होते. "सगळ्याक गो! माणूस हावरो दिसता नये."

जहिरानं ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

जहिरा कट्टा गावची. तिचे वडील मुख्तारभाई सुक्या मासळीचे व्यापारी. त्यांनी मुलीला स्पष्ट सांगून टाकलं होतं, की कसालच्या पतपेढीत कारकुनाची जागा निघालीय ती मिळाली तर रोज एसटीनं जा-ये कर, नाहीतर जूनपासून रत्नागिरीला मामूच्या घरी राहा आणि त्याच्या दुकानात बस. जहिराला मामू आवडायचा, मामूचं दुकान नाही. मुलाखतीला जाऊ द्यायचीही अट होती, सर वांगडा, म्हणजे सोबतीला, हवेत. सरांनी ते लगेच कबूल केलं. शाळा-कॉलेज सोडून दुसरं ऑफिस आतून बघायची त्यांनाच हौस होती.

पतपेढीचा मॅनेजर कोल्हापूरकडचा, बदलून आलेला. मुलाखतीच्या दिवशी सर बाहेर बाकड्यावर बसले. दहा मिनिटांत जहिरा हसत बाहेर आली.

"सगळा आयला, सर! बेरजा, पत्र, सगळा."

"मग? साहेब काय म्हणालो?"

"म्हणालो, 'एक तारखेपासून येता का?' मी म्हटलंय, 'नको सर, कशाक उगीच!'"

सरांनी घाईनं विचारलं, "मग परत इचारल्यान?"

"नाय ओ. तेनी एकदाच इचारल्यान, कायतरी लिवल्यान आणि बेल मारल्यान." तिचं हसू हळूहळू उतरलं. "सर, काय चुकला माझा?"

"तुझा नाय गो. माझ्या आवशीचा," आईची शिकवण आठवून सर म्हणाले, आणि उठले. दार त्यांनी ओढलं, ते ढकलायचं होतं. दुसऱ्या शनिवारचा तासही वाया गेला होता तर.

आत शिरल्यावर त्यांनी खाकरून प्रमाण मराठीत सुरुवात केली, "महोदय, सदर उमेदवाराचा नकार हा वस्तुतः..." पुढे प्रमाण मराठी संपली आणि मालवणी बाहेर आली. "साहेब, ता नको म्हंजे नको न्हय! मीच शिकवलंय!"

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. "काय हो मास्तर, आमच्यात नको म्हटलं की नको. पोरगी हुशार हाय, वाईट वाटलं मला. दुसऱ्याचं नाव लिहायला घेतलंय. बसा तरी. चहा घेणार?"

"नको नको."

"बरं." मॅनेजरनं कागद ओढला.

सर वाट बघत बसले. घसा तर पार वाळला होता. मॅनेजरनं वर पाहिलं. "खरंच नको?"

"नको ओ, आत्ताच घेतलंय." सकाळपासून सरांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

मॅनेजर त्यांच्याकडे बघत राहिला. मग एकेक शब्द मोजत म्हणाला, "मास्तर. चहा. घेणार?"

"अर्धो कप," सर पडेल आवाजात म्हणाले.

मॅनेजर इतका हसला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "आणि हे तुम्ही पोरांना शिकवताय? कॉलेजात?"

"दर शनिवारी," सर म्हणाले.

मॅनेजरनं चहा मागवला आणि जहिराला बोलावलं. "बाई, आता मी एकदाच विचारणार. एक तारखेपासून..."

"येतंय!" जहिरा म्हणाली. मग सावरून, "येते. पण संध्याकाळी पावणेपाचला सोडा. पाचची एसटी चुकली तर कट्ट्याक जाऊक दुसरी नाय."

शिपायानं आणलेला अर्धा कप सरांनी हातात घेतला. समोरच्याकडे आपण होऊन काही मागायचं असतं हे त्यांच्या एकाही शनिवारात नव्हतं. तेरा वर्षांत त्यांनी प्राचार्यांकडे खुर्चीचा मोडका हातसुद्धा बदलून मागितला नव्हता.

मॅनेजरनं मान डोलावली. "पावणेपाच. सकाळी मात्र लवकर या."

लिहिलेलं नाव खोडून त्यानं जहिराचं लिहिलं. सरांनी अर्धा कप एका घोटात संपवला, कुणी विचारायच्या आत तो पुढे केला आणि म्हणाले, "साहेब, आणि एक. भरून."