अनोळखी निर्माता

आज सकाळी शब्दकोडं रचायला बसले, तर संगणकाच्या पडद्यावर लाल पट्टी आली: 'संशयास्पद फाइल विलगीकरणात टाकली आहे. निर्माता अनोळखी.' खाली हिरव्या अक्षरांत, 'तुमचा संगणक सुरक्षित आहे.' ती फाइल म्हणजे कोड्याचे चौकोन आखून देणारा छोटासा प्रोग्राम. आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर महिनाभर खपून माझ्यासाठी लिहिलेला. साप्ताहिकाला कोडं दुपारपर्यंत द्यायचं होतं, आणि अँटिव्हायरसनं नेमका तोच प्रोग्राम कुलुपात घातला होता.

"अहो, तुम्ही अनोळखी आहात म्हणे!" मी चिडून ओरडले.

हे चष्मा लावून आले आणि पट्टी पुन्हा पुन्हा वाचू लागले. मी ह्यांच्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामी, फाइल पुसलेली नाही, नुसती बाजूला ठेवलीय. मोठ्या कंपनीची सही नसली की अँटिव्हायरसला संशय येतो. 'परत आणा' दाबा."

दाबलं. कोडं वेळेत गेलं, पण माझा राग काही जाईना. फाइलनं काही वाईट केल्याचं ह्या पहारेकऱ्यानं पाहिलं नव्हतं. ती ओळखीची नाही, एवढाच तिचा गुन्हा. संशय घेणारा एक पट्टी दाखवून मोकळा होतो. ज्याच्यावर घेतला, तो मात्र स्वतःलाच तपासत बसतो.

संध्याकाळी पाहते, तर हे प्रोग्रामची एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते.

"अगं," ते हळूच म्हणाले, "माझंच कुठे काही चुकलं असेल का?"