मेंढरांचा लांबलेला मुक्काम

आमची धाकटी मुलगी जन्मली तेव्हा लढाई चालू होती आणि मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. दोन्ही मुलगे हाताशी आलेले. या वयात पाळणा पुन्हा माळ्यावरून उतरवावा लागेल, असं आम्हा दोघांना वाटलं नव्हतं. अकराव्या दिवशी बायकोला ताप भरला. बारशाच्या घुगऱ्यांसाठी भिजत घातलेले हरभरे शेवटी बैलांना चारले.

सांगलीहून डॉक्टर टांग्यातून आले. त्यांनी विषमज्वर सांगितला. किमान एकवीस दिवस. औषधापेक्षा शुश्रूषा महत्त्वाची. आणि आईचं दूध मुलीला पाजायचं नाही. गाईचं दूध पाणी घालून दिलं, तर दोन दिवसांत तिला जुलाब लागले. डॉक्टर म्हणाले, "बाईचं दूध मिळतंय का बघा. एवढं एकच सांगतो."

आकडा हाती आल्याशिवाय मला गोष्ट समजत नाही. घरात हळद तोलायचा तराजू होता. मी मुलीला धडप्यात गुंडाळून त्यात ठेवलं. धडपं वजा जाता अडीच शेर भरली. तेवढ्यात वाईहून मदतीला आलेली माझी थोरली बहीण आत आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"आरं, लेकरू तोलत्यात व्हय कुनी? नजर लागंल. हळद हाय का ती, पेठंत न्यायला?"

मी तराजू खुंटीला लावला. पण दर सोमवारी ती नदीवर धुणं घेऊन गेली की पुन्हा काढत असे.

दूध पाजायला दोघी पुढं आल्या. एक शेजारची, जिचा नवरा पलटणीबरोबर मिसरात होता आणि ज्याची पत्रं मी तिला वाचून दाखवत असे. तिचा मुलगा आठ महिन्यांचा होता. दुसऱ्या, किराणा दुकानदाराच्या पत्नी. ते घर जैनांचं, सूर्यास्ताआधी जेवणारं, त्यामुळे दिवेलागणीनंतरची वेळ त्यांची ठरली. मी कोळशानं भिंतीवर आठ वेळांचं कोष्टक लिहिलं. शेजारीण ते बघून तोंडाला पदर लावून हसली.

"भावजी, तुमचं घड्याळ भुकेलं की मला हाळी द्या. पोरगी भुकेली तर मी आपनच येतीया."

आणि खरोखर ती कधीच माझ्या वेळेवर आली नाही. नेहमी मुलीच्या वेळेवर आली. पुढच्या सोमवारी मुलगी अडीच शेर होती. वाढली नाही, पण घटलीही नव्हती. मला तेवढं पुष्कळ होतं.

मग शेजारणीच्या मुलाला गोवर आला. ती अंगणातूनच ओरडून म्हणाली, "आता मी उंबऱ्याच्या आत येत न्हाई. रागावू नगा." रागवायचं कशाला! पण दुकानदारीणबाई एकट्या उरल्या, त्यांचं स्वतःचं बाळ चार महिन्यांचं. त्या कमी पडू लागल्या, आणि कमी पडतो म्हणून स्वतःच रडू लागल्या. तिसऱ्या सोमवारी मुलगी नवटाकभर, म्हणजे अर्धा पावशेर, घटली. ती आता रडत नसे, नुसती कण्हत असे. बहिणीला मी आकडा सांगितला नाही. तिनं विचारलाही नाही.

त्याच दिवसांत आमच्या मोकळ्या रानात मेंढरं बसली होती. जतकडचे धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन नदीकाठाला येतात. रात्री कळप रानात बसवायचा, लेंड्यांचं खत रानाला मिळतं, धनगराला धान्य मिळतं. माझा ठराव पाच रात्रींचा होता आणि त्यातल्या तीन झाल्या होत्या. रोज सकाळी मी मेंढरं मोजत असे. त्या सोमवारी तीनदा मोजली आणि तीन निराळे आकडे आले.

धनगराची बायको सहा महिन्यांचं पोर पाठीशी बांधून बघत होती. तिच्या बोलण्यात निम्मं कानडी असे.

"अण्णा, आज मोजनी चुकाया लागली. घरी काय झालं?"

मी सांगितलं. मागितलं मात्र काही नाही. खरं तर जिभेवर आलं होतं. पण या लोकांना मी आजवर अंगणाच्या फाटकाच्या आत बोलावलं नव्हतं. धान्यसुद्धा फाटकातच मापून देत असे. कुठल्या तोंडानं मागणार? तिनं हातातली काठी नवऱ्याकडे दिली.

"घर कंचं? चला."

घराशी येऊन ती दाराबाहेरच टेकली. माझ्या बहिणीनं तिचा हात धरला आणि तिला थेट माजघरात नेलं. थोड्या वेळानं आतून तिचं हसणं ऐकू आलं. "यव्वा! हे कूसु हाय का वासरू? सोडीना की!" कूसु म्हणजे कानडीत बाळ. शेजारणीच्या घरी गोवर आल्यापासून आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं.

आता माझ्यापुढं दुसरंच गणित होतं. दोन रात्री उरल्या. सहाव्या दिवशी कळप खालच्या गावाला जाणार, धनगरानं तिकडे शब्द दिला होता. बायकोचा ताप हटायचं नाव नव्हतं. थांबा म्हणावं, तर मोकळं रान माझ्याकडे तेवढंच होतं आणि चारा तर नव्हताच. सहाव्या सकाळी मी रानात गेलो तेव्हा रान रिकामं होतं. नुसत्या लेंड्या आणि खुंट्यांची भोकं. मी बांधावर किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही.

घरी परतलो, तर धनगराची बायको माजघरात मांडी घालून बसलेली आणि मुलगी तिच्या पदराखाली.

"मेंढरं?" मी विचारलं.

"पल्याडच्या रानात बसत्यात. त्या रानाचा मालक म्हनला, ऱ्हा."

झालं होतं असं की बहिणीनं नदीवर धुणं धुताना बायकांना सांगितलं, आणि बायकांनी आपापल्या घरी. त्यानंतर कळप आमच्या गावाबाहेर गेलाच नाही. कुणी दोन रात्री बसवून घेतला, कुणी तीन. कुणी भुईमुगाचा पाला डोक्यावरून नेऊन टाकला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान तर मळीचं. दर पुराला नदी तिथं गाळ टाकते, त्याला खताची काय गरज? मी गाठून विचारलं, "तात्या, तुमच्या रानाला खत कशाला?"

"मला काय ठावं, गड्या? म्हातारी म्हनली बशीव, बशीवलं. तुझं गनित तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

मी मोजलं ते मोजलंच. सात रानं, एकोणीस रात्री. या सातांपैकी एकानंही मला आपणहून सांगितलं नाही. आणि धनगरानं खालच्या गावाला दिलेला शब्द मोडला. पुढच्या साली तिथलं रान त्याला मिळणार नव्हतं. मी त्याबद्दल बोललो, तर म्हणाला, "रान दुसरं मिळंल."

चौथ्या सोमवारी नवटाक भरून निघालं. पाचव्या सोमवारी त्याच्यावर आणखी पावशेर. मी तराजू धरून उभा असताना बहीण धुण्याचे पिळे घेऊन परत आली. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. ती जवळ आली.

"किती?"

मी सांगितलं.

"पुन्हा बघ, नीट बघ," ती म्हणाली आणि पारड्यातलं धडपं तिनं स्वतः सरळ केलं.

बायकोचा ताप सव्विसाव्या दिवशी उतरला. शेजारणीचा मुलगा बरा झाला आणि ती पुन्हा आपल्या वेळेला येऊ लागली. बारसं झालं तेव्हा बहिणीनं, आत्या म्हणून, कानात नाव सांगितलं. पाळण्याची दोरी दूध पाजणाऱ्या तिघींनी धरली होती. दुसऱ्या सकाळी कळप निघाला.

मुलगी आता सहा वर्षांची आहे. शेजारणीचा आणि दुकानदाराचा असे दोन मुलगे तिचे दूधभाऊ, त्यांना ती भाऊबीजेला पंचांगाप्रमाणे ओवाळते. तिसरा कळपाबरोबर येतो, त्याचा दिवस पंचांगात नाही. त्याच्या वाटणीच्या दोन करंज्या डब्यात बाजूला ठेवलेल्या असतात आणि ती रोज संध्याकाळी त्या मोजते. मोजायची खोड माझी. यंदा तो दहा दिवस उशिरा आला, फेटा बांधून, बापाची काठी घेऊन. मेंढरं रानात सोडून आईबाप आणि तो, तिघं फाटकातून सरळ माजघरात आली. पाट मांडलेलाच होता.