पाहुणीने लिहिलेलं गाणं

नाझनीन गेल्याचा फोन आला तेव्हा तिचाच आवाज माझ्या कानात चालू होता. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून मी आमच्या सिनेमातलं तिचं गाणं चित्राशी जुळवत होते. फोनवर तिच्या भावाचं नाव दिसलं म्हणून गाणं थांबवलं. फैजानभाई एवढंच बोलला, "डेंग्यू होता… आज सकाळी गेली." फोन ठेवल्यावर काय करायचं ते कळेना, म्हणून मी गाणं परत सुरू केलं. थोडं ऐकलं, बंद केलं. इतके आठवडे झाले, माझं तेच चालू आहे. सुरू करते, बंद करते… तिच्यावर लिहायला बसले तरी दोन ओळींनंतर उठून व्हरांड्यात जाऊन येते. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

मी तिवश्याजवळच्या एका खेड्यातली. आईवडील दोघंही मजुरीला जातात, घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. नाझनीन अकोल्याची. तिच्या वडिलांची लाकडाची मोठी वखार, दुमजली घर, दारात गाडी. अमरावतीच्या हॉस्टेलात आम्हाला एकच खोली मिळाली. मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही, आणि ती नळावर बादली भरेपर्यंत अख्खं गाणं म्हणून मोकळी व्हायची. "तू बोलत काहून नाही वो? शब्दाले भाडं लागते का?" असं विचारायची. आमच्या गावात पूर्वी दंडार व्हायची, म्हणजे नाचगाण्यातून गोष्ट सांगायचा खेळ. त्यातली एक गोष्ट मी बाबांकडून ऐकली होती. सावकार आणि त्याच्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार आठ दिवस घरं बदलतात आणि शेवटी सावकार कबूल करतो की सुख झोपडीतच आहे. नाझनीनला ती सांगितली तर ती पलंगावर उठूनच बसली. "याचा सिनेमा करू. गाण्यायचा. मोबाइलवर." मग सावकाराच्या जागी वखारवाला आला आणि घरं बदलणाऱ्या दोन मुली झाल्या. गरीब घराची गाणी मी लिहीन, असं मी म्हटलं, तर तिला ते पटेना. "नाई. तुह्या घराचं मी लिहिते, माह्या घराचं तू. आपल्याच घराचं लिहून नवं काय सापडन?" म्हणून आम्ही एकमेकींच्या घरी राहून यायचं ठरवलं.

ती आली तेव्हा मायनं शेजारच्या काकूंकडून पंखा आणून ठेवला होता. पुरणपोळी होती. बाबांनी धुतलेला सदरा घालून भीमगीत म्हटलं, माझ्या धाकट्या भावानं गावातल्या एकेकाच्या नकला केल्या. हसून हसून नाझनीनला ठसका लागला. हॉस्टेलात परतल्या परतल्या तिनं लिहिलं, "या घराले दार लहान, हासू मावत नाई…" चालही तिचीच, आवाजही तिचाच. मी अकोल्याला गेले तर तिथे मोठ्या टेबलाभोवती सगळे खाली मान घालून जेवत होते. चमच्यांचा तेवढा आवाज. मी लिहिलं की एवढ्या मोठ्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. वर्गात दोन्ही गाणी ऐकवली, सगळ्यांना आवडली. गरीब हसतात, श्रीमंत गप्प बसतात. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. सर म्हणाले, शेवट नाझनीनच्या गाण्यानंच करा.

तो शेवट चित्रित करायला आम्ही गावी गेलो. घरी फोन लागत नव्हता, तशाच पोचलो. पंखा नव्हता. माय कंबर धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती. भाऊ शाळा सोडून सुरतेला कामाला जातो म्हणत होता आणि बाबा त्याच्यावर ओरडत होते. नाझनीन दारात दिसली तशी माय धडपडून उठली आणि उठता उठता तिच्या तोंडावर हसू आलं. "ये वो बाई, बस. चहा ठेवते." ते हसू किती पटकन आलं, हे आम्ही दोघींनीही पाहिलं. त्या दिवशी मोबाइल पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

परतीच्या बसमध्ये तिनं दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "तुह्या मायनं मले फसवलं."

मला वाईट वाटलं. तिनं माझ्या हातावर चापट मारली. "अगे, माह्या अम्मीनं तुले बी फसवलं. आमच्या घरी जेवताना कोणी चूप बसते का? वखारीवरून, गाडीवरून, माह्या लग्नावरून, रोज भांडणं. अम्मीनं सगळ्याइले सांगतलं होतं, पोरगी साध्या घरची हाय, तिच्यासमोर पैशाच्या गोष्टी काढू नका. मंग बोलाले काही उरलंच नाई."

आम्ही इतक्या हसलो की कंडक्टरनं वळून पाहिलं. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "ते गाणं काढून टाक. खोटं हाय. सुट्टीत मी दुसरं लिहिते." त्या सुट्टीत ती अकोल्याला गेली, दुसरं येईपर्यंत मी लॅबमध्ये जुनंच जुळवून पाहत होते, आणि…

आता सिनेमा पूर्ण करून कॉलेजात द्यायचा होता. सर आणि वर्गातले सगळे म्हणत होते, शेवटी तिचंच गाणं ठेव, वर तिचा फोटो दाखव. त्यांचं चुकत नव्हतं, तिच्या आवाजातलं आमच्याकडे तेवढंच आहे. पण तिनंच ते काढ म्हटलं होतं. ठेवलं तर तिचं ऐकलं नाही, आणि शिवाय माझ्या मायच्या दुखऱ्या कंबरेवर मीच हसू चिकटवलं, असं होणार. काढलं तर तिचा आवाज माझ्याच हातानं पुसायचा. मी रात्रंदिवस हेच घोळवत होते. शेवटी अकोल्याला जाऊन आले. अम्मी, तिचे वडील, फैजानभाई, सगळे त्याच टेबलाशी बसले होते आणि कोणी बोलत नव्हतं. या वेळी त्यांना कोणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. निघताना अम्मींनी माझा हात धरला. "तिचा आवाज राहू देजो बेटा." गाणं खोटं आहे, असं तिचंच म्हणणं होतं, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

तशीच गावी गेले. माय तांदूळ निवडत होती. तिला ते गाणं मी कधी ऐकवलंच नव्हतं, तिला चिडवल्यासारखं होईल असं वाटायचं. त्या दिवशी ऐकवलं. ती हात थांबवून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "असं कवा असते वो आपल्या घरी?" तिनं परत सुपात हात घातला. "ते आली होती, त्या दिवशी होतं. खरंच होतं. मले बी लय दिवसानं तसं हासू आलं होतं… लाव पुन्हा."

म्हणून गाणं मी काढलेलं नाही, पण शेवटीही ठेवलेलं नाही. श्रीमंत घरची मुलगी झोपडीत पाहुणी म्हणून येते, त्या दिवसावर ते लावलं आहे. शेवटची जागा मात्र रिकामीच होती. तिथे नाझनीनचं दुसरं गाणं यायचं होतं, आणि ते लिहायची हिंमत मला झाली नाही. मग एका सकाळी माय चुलीपुढे भाकरी थापता थापता स्वतःशीच म्हणू लागली, "या घराले दार लहान…" चाल चुकत होती, आवाज थकलेला होता, घरात पाहुणं कोणी नव्हतं. मी हळूच मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. दुसरी ओळ अर्ध्यावर आली आणि ती भावाला ओरडली, "अबे उठ ना, शाळेत कोन जाईन, मी?" पुढे नुसता भाकरी थापल्याचा आवाज आहे.

सिनेमा तिथेच संपतो.