डाळीच्या डब्यातला फोन

आमच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह मध्य प्रदेशात, बालाघाटला आहे. तिथं स्वयंपाक करणाऱ्या दुर्गाबाई राहांगडाले कुणाला लोणच्याची जास्तीची फोड देत नाहीत. गोड बोला, हात जोडा, "सबको एकच" म्हणून बरणी बंद. त्यांच्या या खडूसपणावर मी पुष्कळ चडफडले आहे.

मी नूतन, ऑफिस सांभाळते. धर्मादाय संस्थांना ऑफिसचं सॉफ्टवेअर सवलतीत मिळतं, हे मीच शोधून काढलं. नोंदणीचे कागद पाठवले, कंपनीने ते तपासले आणि आमचे जुने, रडतखडत चालणारे कॉम्प्युटर कामाला लागले. मुलींचे फोटो, पत्ते, पालकांचे नंबर, सगळं त्यात गेलं. मुख्य खातं अध्यक्ष प्रेमलालभाऊंच्या नावावर, आणि पासवर्डनंतरचा कोडही त्यांच्याच फोनवर येई.

एका दुपारी त्यांना फोन आला, "सर, डिस्काउंट चालू रखना है तो पासवर्ड और कोड बता दीजिए." सिलिंडर आणणाऱ्याला सांगावा तसे भाऊंनी दोन्ही सांगून टाकले. माणूस भोळा, पण असल्या भोळेपणाचं काय करायचं? खातं भामट्यांच्या हाती गेलं, आणि संध्याकाळपर्यंत पालकांना आमच्या संस्थेच्या नावाने निरोप गेले, सोबत ज्याच्या त्याच्या मुलीचा फोटो: मुलगी दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा.

दुसऱ्या दिवशी, पैसे पाठवून फसलेले तीन बाप येऊन मुलींना घेऊन गेले. दोघी परतल्या. खैरलांजीकडची दीप्ती आली नाही. पोरीचा फोटो कुणाच्याही हाती लागतो, तिथं ती नको, असं तिचे वडील म्हणाले. नववीतच तिचं नाव शाळेतून कमी झालं. दुर्गाबाई तिची वेणी घालायच्या.

खातं कसंबसं परत मिळालं. कोडासाठी मी साधा बटणांचा फोन घेतला आणि सरळ दुर्गाबाईंच्या हातात दिला. "मावशी, फोनवर कोणीही मागितला तरी आकडा सांगायचा नाही. आपलं माणूस समोर असेल तरच." त्यांनी तो तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला.

सवलत दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. यंदा कागद तपासून मंजुरी आली ती नेमकी शेवटच्या दिवशी, आणि मी गोंदियाला मामेबहिणीच्या लग्नात! मुदत टळली तर सवलत गेली, आणि पूर्ण भाव आमच्या ऐपतीबाहेरचा. भावाच्या लॅपटॉपवरून खातं उघडायला गेले, तर स्क्रीनवर कोडची मागणी आली. मी फोन लावला.

"मावशी, नूतन बोलते. आकडा सांगा लवकर."

"नाही सांगत."

"अहो, मीच आहे ना!"

"असशील बाई. पन तूच त म्हणे, फोनवर कोनालेच सांगू नोको."

"आज शेवटचा दिवस आहे!"

"मंग ये ना इकडे. मी कुठी चालली?" आणि फोन ठेवला.

रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली. पंगत सोडून, जरीच्या साडीत मी बालाघाटची गाडी पकडली. काय काय बोलायचं ते सगळं गाडीत ठरवलं.

पोचले तेव्हा दुर्गाबाई पोळ्या करत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हात पुसले, डबा उघडला. "हं, आता घे." मी नवा कोड मागवला, त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. सवलत आणखी वर्षभरासाठी मिळाली. मुलींची माहिती जागच्या जागी होती.

मग मी तोंड उघडलं. "मावशी, इतकी वर्षं माझा आवाज ऐकता. तेवढाही भरवसा नाही?"

त्यांनी लाटणं थांबवलं. "दीप्तीच्या बापानं बी आपल्याच नावावर भरवसा ठेवला होता, बाई."

मला रडू आलं. दुर्गाबाईंनी माझ्यापुढे ताट सरकवलं आणि त्यात लोणच्याची एकच फोड वाढली.