बसणाऱ्यांच्या रकान्यात एकटी आत्या

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस दिसत नाही, नुसते कपडे दिसतात. नाट्यगृहाच्या तळघरातली लांबट खोली. छताच्या दांड्यांवर राजाचे झगे, शिपायांचे कोट, तीन नाटकांतल्या तीन नायिकांनी घालून झालेला एकच रेशमी पोशाख. कोपऱ्यात शिलाई यंत्र, खोलीभर इस्त्रीच्या वाफेचा वास. वर भिंतीला जाळीची खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. मग कोटांच्या रांगेत कुठेतरी एक शिंक येते, दोन शिपाई बाजूला सरतात आणि मधून एक बाई बाहेर येते. तोंडात चार टाचण्या, गळ्यात मोजपट्टी.

ही आत्या. खरं तर ती एकाच भाच्याची आत्या, पण सगळी नाटक कंपनी तिला आत्या म्हणते, आणि सख्खा थोरला भाऊसुद्धा. वय बासष्ट. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. चौतीस वर्षं कपडेपट सांभाळला. कुणाच्या बाहीचं बटण कुठल्या प्रवेशात तुटणार, हे तिला बटणाच्या आधी कळायचं. तिसरी घंटा झाल्यावर पाय गळालेल्या किती नटांना तिने पाठीत एक गुद्दा घालून आत ढकललं असेल! टाळ्या त्यांनी घेतल्या. तिला त्यात काही गैर वाटलं नाही.

तिचा दादा समुद्रवेडा. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं खूळ त्याला ऐन तिशीत लागलं ते सुटलंच नाही. दर दोन वर्षांनी सगळं घर कुठल्यातरी बेटावर. तेव्हापासून त्या घरात माणसांचे दोनच प्रकार, बुडणारे आणि बसणारे. बुडणारे सकाळी बोटीतून जायचे. बसणारे किनाऱ्यावर त्यांच्या चपला, चष्मे आणि टॉवेल राखायचे. आत्याच्या डाव्या कानाचा पडदा लहानपणीच्या दुखण्यात फाटलेला. ती जन्माचीच बसणारी.

पण बेट निवडायची तीच. दादाने एकदा स्वतः निवडलं होतं, तेव्हा बुडणारे स्वर्गात होते आणि बसणारे चार दिवस मासळी सुकवायच्या शेडमध्ये. त्यानंतर हा कारभार आत्याकडे आला. ती हॉटेलांना फोन करायची आणि असे प्रश्न विचारायची की पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसायचा. पाणी किती खोलवर स्वच्छ दिसतं? ओढ कुठल्या वेळी असते? जवळचा डॉक्टर किती तासांवर? हे बुडणाऱ्यांसाठी. आणि बसणाऱ्यांसाठी: धक्क्याला पायऱ्या आहेत की गुडघाभर पाण्यात उडी मारायची? सावली झाडाची की छत्रीची? दुपारी ती कुठे सरकते? मोरी किती लांब? शेवटी एक प्रश्न हमखास असायचा, किनाऱ्यावरून बोट दिसते का? बोट दिसली की वर आलेली डोकी मोजता येतात. सगळी डोकी भरली की मग पुस्तकाचं पान उलटायचं.

वहीत ती दोन रकाने आखायची. डावीकडे बुडणारे, उजवीकडे बसणारे. सुरुवातीला उजवा रकाना चांगला भरगच्च होता. आई होती, वहिनी होती, तान्हा भाचा होता. भाचा मोठा झाला आणि डावीकडे गेला. आई गेली ती दोन्ही रकाने सोडून. भाच्याची बायको आली, एक खेप उजवीकडे नम्रपणे बसली आणि पुढच्या खेपेला डावीकडे. तरी वहिनी होती. अठ्ठावीस वर्षं त्या दोघी एका चटईवर बसल्या, एका थर्मासमधला चहा प्यायल्या, बुडणाऱ्यांची मनसोक्त टिंगल केली. आणि चार वर्षांपूर्वी, वयाच्या साठीला टेकलेल्या वहिनीने जाहीर केलं, "मी पण शिकणार." आत्या म्हणाली, "छान." एवढंच म्हणाली. पुढच्या सुट्टीत चटईवर आत्या आणि भाच्याची मुलगी भिंगरी, दोघीच.

या वर्षी भिंगरी दहा वर्षांची झाली. दहाव्या वर्षी मुलांना शिकू देतात. आत्याने वही उघडली, रकाने आखले. डावीकडे पाच नावं झाली. उजवीकडे तिने स्वतःचं लिहिलं आणि पेन्सिल तशीच धरून बसली.

बेटं दोन निघाली. एक वाळूचं. सावली भरपूर, बोट समोर, हॉटेलात पुस्तकांचं कपाट. पण पाण्याखालचं प्रवाळ निम्मं मेलेलं. दुसरं कड्याचं. बेटाच्या मागे समुद्रात सरळ खाली गेलेली खडकाची भिंत, कासवं, मोठमोठे थवे. किनारा म्हणजे धारदार खडक. बोट सातला जाणार ती चारला येणार, जेवण बोटीवरच, आणि जाणार तीही बेटाच्या मागच्या बाजूला.

यात मेख अशी की दादाला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, ही एक खेप करा, मग टाकी खाली ठेवा.

रविवारी फोनवर सगळे जमले.

"बोल आत्या, या वेळी कुठे बुडवतेस?" दादाने विचारलं.

"एकच बरं सापडलं," आत्या म्हणाली. "वाळूचं आहे."

"भिंत आहे का गं कुठे जवळपास? एकदा चांगली भिंत बघायची होती."

"नाही."

"बरं, नसू दे. आत्या म्हणाली म्हणजे झालं."

हे शेवटचं वाक्य तिला फार लागलं. त्या आठवड्यात तिने राजाच्या झग्याची एक बाही दोनदा उलटी शिवली.

गुरुवारी दुपारी जाळीच्या खिडकीत ओळखीच्या चपला दिसल्या. थांबल्या, मग जिन्यावर वाजल्या. वहिनी आत आली. तिने शिपायाचा एक कोट बाजूला केला आणि स्टुलावर बसली.

"वन्सं, मी एका हॉटेलात फोन केला होता."

"कशाला? मी आहे ना."

"ह्यांच्या मित्राने एक बेट सांगितलं म्हणून केला. तिथला माणूस म्हणतो, तुमच्याआधी एका बाईंचाही असाच फोन येऊन गेला. म्हटलं, असाच म्हणजे? तर म्हणाला, त्यांनी अकरा प्रश्न विचारले, बारावा विचारला की खडकावर सावली दुपारी कुठे सरकते. त्याने सांगितलं सावली नाहीच, तर बाईंनी फोनच ठेवला." वहिनीने तिच्याकडे पाहिलं. "अख्ख्या जगात असं विचारणारी एकच बाई आहे."

आत्याने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. चार टाचण्यांना पुष्कळ वेळ लागला.

"भिंत आहे तिथे," ती म्हणाली. "सांगून टाक दादाला. जा तुम्ही सगळे."

"आणि तुम्ही?"

"मला इथे कामं आहेत. नवीन नाटक येतंय."

"नाटक दोन महिन्यांनी आहे. बाहेर पाटी वाचून आले मी."

"वाचता येतं वाटतं अजून! मला वाटलं पाणी गेलं डोळ्यांत."

वहिनी हसली नाही. "टोमणा चार वर्षं उशिरा आला, वन्सं. मी शिकायला निघाले तेव्हा 'छान'पलीकडे एक अवाक्षर बोलला नाहीत."

"काय बोलायचं? माझ्याशेजारी जन्मभर बसायचं असं तू लिहून दिलं होतंस?"

"मागितलं असतंत तर दिलं असतं लिहून."

वर रस्त्यावरून कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली. आत्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी.

"सात ते चार," ती म्हणाली. "नऊ तास. बोटही दिसत नाही. आधी मी निदान मोजत तरी होते. चार गेले, चार आले. तिथे मी काय मोजू? आणि इथे राहिले तर तेच, फक्त खडक नाही." मग घाईने म्हणाली, "दादाशी मी खोटं बोलले, वहिनी. त्याची शेवटची खेप आणि मी त्याला मेलेलं प्रवाळ दाखवायला निघाले होते. त्याला सांगू नकोस."

"तुम्हीच सांगा. म्हणावं, दुसरं बेट आत्ता सापडलं. त्यांना पटेल, त्यांना तुमचं काहीही पटतं."

आत्याने तिथल्या तिथे फोन लावला. दादा पलीकडून लहान पोरासारखा ओरडला, ते वहिनीलाही ऐकू आलं. भिंत किती खोल, कासवं किती मोठी, किती वाजता निघायचं, सगळं त्याने विचारलं. आत्या कुठे बसणार, ते विचारायचं त्याच्या लक्षात आलं नाही. आत्याने सगळी उत्तरं नीट दिली आणि फोन ठेवला.

वहिनी उठली. पदर सावरला, कोट जागेवर सरकवला.

"तुम्ही येताय," ती म्हणाली. "आणि तिथे एक दिवस मी बोटीवर जाणार नाही. तुमच्यापाशी बसेन. खडक तर खडक."

उपकार नकोत, हे वाक्य आत्याच्या तोंडी बसलेलं होतं. आयुष्यात शंभरदा तरी म्हटलेलं. या वेळी ते आलंच नाही.

"कुठला दिवस?" तिने विचारलं.

"कुठला म्हणजे? शेवटचा धरा."

"वा गं वा! विमानाच्या आदल्या दिवशी कुणालाच पाण्यात सोडत नाहीत, डॉक्टरी नियम आहे. त्या दिवशी दादासुद्धा बसतो."

आता मात्र वहिनीला हसू फुटलं. "बरं बाई, मधला कुठलाही."

ती जिन्याला लागली. चार पायऱ्या चढली असेल, तोवर आत्या कोटांच्या रांगेतून वाट काढत जिन्याच्या तळाशी आली आणि कठडा धरून उभी राहिली. वहिनीने वळून पाहिलं.

"वहिनी," आत्या म्हणाली, "एक नको. दोन दिवस बस."