दुसरी घंटा

खरं सांगते, मी ध्यानाला बसायला लागले ती भक्तीने नव्हे, भीतीने. आमचं पहिलं बाळ गावी तीन महिन्यांचं होऊन गेलं. रात्री दूध पिऊन झोपलं ते झोपलंच. पुढे आम्ही सुरतेला राहायला आलो, तिथे प्लेग आला, चाळच्या चाळ गावी पळाली, आम्हीही पळालो आणि साथ ओसरल्यावर परत आलो. त्यानंतरच्या वर्षी लिंबायतच्या आमच्या त्या एका खोलीत मुलगी झाली. आनंदाने नाचायचं सोडून मी दिवसभर तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वास बोटाला लागतोय ना? लागतोय. परत दोन मिनिटांनी तेच. तव्यावर भाकरी जळायची आणि मी झोळीपाशी. छातीत सारखी धडधड, डोळ्याला डोळा नाही.

माझी थोरली बहीण देवाचं फार करते. तिने मला सप्तशृंगीची तसबीर आणि एक पितळी घंटा दिली. म्हणाली, "रोज एकाच वेळेला अर्धा तास डोळे मिटून बस. बसताना एकदा घंटा वाजव, उठताना एकदा. तू फक्त वेळ सांभाळ, बाकीचं आई सांभाळेल."

सांगायला काय जातं! माझा नवरा कापड विणायच्या लूमवर कारागीर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तासांची. दर आठवड्याला आमच्या घरचं सगळं उलटंपालटं व्हायचं. मी वेळ ठरवली पहाटे साडेपाचची. रातपाळीच्या आठवड्यात ते सातनंतर घरी येत, तेव्हा जमायचं. दिवसपाळी लागली की त्यांचं पाणी, त्यांचा डबा, आणि माझं ध्यान बोंबलायचं. चार दिवस बसले की तीन दिवस खाडा. शिवाय आमच्या मागच्या भिंतीला लागूनच कारखाना. त्या खटखटीत देवीचं नाव घ्यायचं म्हणजे बाजारात उभं राहून अंगाई म्हणण्यातला प्रकार. मन लागेना, आणि मला वाटायचं, देवीला मी नकोच आहे.

त्यात शेजारच्या बा. एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या गुजराती विधवा. जीभ अशी की विचारू नका! पहिल्याच आठवड्यात दारात येऊन म्हणाल्या, "तारी घंटडीथी मारी ऊंघ बगडे छे." माझ्या घंटेने म्हणे त्यांची झोप मोडते. मी म्हटलं, कानात बोळे घाला. झालं, भांडण. त्यानंतर मी ज्या दिवशी बसत नसे त्या दिवशी बरोबर सहाला भिंतीपलीकडून आवाज यायचा, "केम वहु, आजे भगवानने रजा?" माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबायच्या! लूमला सुट्टी असते, देवाला कसली सुट्टी, असं ही बाई मला शिकवणार? मग मी इरेला पेटले. नवऱ्याला सांगितलं, दिवसपाळीला मी बसून उठल्यावरच चहा मिळेल. बिचारे "बरं" म्हणाले. तीन महिने एकही खाडा नाही. सप्तशृंगीने मला माफ करावं, पण त्यातले कितीतरी दिवस मी तिच्यासाठी नाही, बांच्या नाकावर टिच्चून बसले.

खटखटीचाही बंदोबस्त मीच केला. लूमवाल्यांच्या घरात टाकाऊ वेस्ट धाग्याला तोटा नसतो. भांडी पुसायला तोच, उशीत भरायलाही तोच. मी त्याचे बोळे करून दाराच्या, खिडकीच्या सगळ्या फटी गच्च भरायला लागले. आवाज अर्ध्यावर आला. मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं! दार मात्र नीट बसत नसे, कारण त्याची कडी ढिली होती. नवऱ्याला सांगून सांगून दमले. त्यांचं एकच उत्तर, "सुट्टीना दिन करी देसू." तो सुट्टीचा दिवस काही उजाडेना.

पौषातली ती सकाळ. नवरा रातपाळीला गेलेला. मुलीला दोन दिवस सर्दी होती, छाती घरघरत होती. मी पाचला उठले, बाहेर गॅलरीत शेगडी पेटवली, कोळसे लाल झाल्यावर तिला शेक द्यायला आत घेतली. तेल लावलं, शेकलं, झोळीत टाकलं. साडेपाच वाजत आले होते. शेगडी बाहेर न्यायचा कंटाळा केला, म्हटलं ऊब राहील पोरीला. खिडकीच्या फटींत बोळे घातलेलेच होते. दार लावलं, त्याच्याही फटी बुजवल्या, घंटा वाजवली, बसले.

आणि काय सांगू, त्या दिवशी ध्यान लागलं! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हात हलके झाले, मग हात आहेत हेच कळेना. लूमचा आवाज लांब गेला. झोळीतली घरघरही थांबली. मला वाटलं, बघ, आज पोरसुद्धा शांत झाली. पहिल्यांदाच तिच्या नाकाखाली बोट धरावंसं वाटलं नाही. मनात म्हटलं, आई, शेवटी घेतलंस पदरात.

पुढचं मला बांनी सांगितलेलं. सहा वाजले, दुसरी घंटा झाली नाही. सव्वासहा झाले तरी नाही. त्यांनी भिंत ठोकली, नेहमीचा टोमणा मारला. मी उत्तर दिलं नाही, हेच त्यांना खटकलं. टोमण्याला उत्तर न देणारी मी नव्हेच. त्या दारात आल्या, हाका मारल्या, मग त्या म्हाताऱ्या खांद्याने दोन धक्के दिले. ती ढिली कडी निखळून पडली.

मला शुद्ध आली तेव्हा मी गॅलरीच्या गार फरशीवर होते. बा माझ्या मुलीला उलटी धरून पाठीवर थापट्या मारत होत्या आणि तोंडाने "अंबे मा, अंबे मा" चाललेलं. पोर रडली. तसं रडणं मी जन्मात ऐकलं नाही, इतकं गोड. चाळीतल्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "बंद खोलीत कोळसा? बाई, अजून थोड्या वेळात दोघीही नसता!" नवरा धावत आला. "काय व्हयनं वं?" एवढंच विचारलं आणि मुलीचा पाय हातात धरून हमसून हमसून रडला.

ज्याला मी ध्यान समजत होते ते मरण होतं. ही गोष्ट मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही, लाज वाटायची. पण त्या घरी ज्या दोन गोष्टींवर मी उठता-बसता कुरकुरले, ती बांची जीभ आणि ती ढिली कडी, त्यांनीच माझी पोर मला परत दिली. मी देवीला बाहेर ठेवून फटी बुजवत होते आणि ती भिंतीपलीकडे बसून माझी घंटा मोजत होती. चमत्कार म्हणा, योगायोग म्हणा, मी वाद घालत नाही.

घरी आल्यावर मी बांच्या पाया पडले. म्हटलं, "बा, रोज तुमची झोप मोडली, माफ करा." त्या हसल्या. "गांडी, हुं तो चार वाग्यानी जागती ज होउं छुं." वेडे, मी तर चारपासून जागीच असते. एकट्या बाईला पहाट फार मोठी वाटते. पहिली घंटा झाली की त्यांना शेजारी माणूस असल्यासारखं वाटे, दुसरी झाली की त्या चहा टाकत. भांडायला आल्या होत्या त्या फक्त बोलायला कुणी हवं म्हणून. 

त्या दिवसापासून मी दार उघडं ठेवून बसते. लूम खटखटायचे, पोर मांडीत चढायची, केस ओढायची. ओढू दे. मन लागलं तर देवीची कृपा, नाही लागलं तरी वेळ सांभाळायचं काम माझं. पोरीच्या नाकाखाली बोट धरायची सवय मात्र आपोआप गेली, कधी गेली कळलंही नाही.

बा जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही आता सुरतेतच, कोसाडच्या कॉलनीत राहतो. भिंतीपलीकडे कोण आहे ते नीट माहीतही नाही. माझी तीच मुलगी मध्यंतरी बाळंतपणाला आली होती, पहाटे बाळाला घेऊन बसलेली. मी दुसरी घंटा वाजवली तेव्हा हसून म्हणाली, "आई, एवढ्या जोरात कुणासाठी वाजवतेस? कोण ऐकतंय?"

मी तिच्याकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. म्हटलं, "एकदा कुणीतरी ऐकत होतं गं. तेवढं मला जन्मभर पुरतंय."